दोन बोटं कमी

टाचणीला दुकानाच्या काचेसमोरून हलवायचं म्हणजे ओढूनच न्यावं लागे. लोक काचेत काय ठेवलंय ते बघतात. ही ते कसं उभं केलंय ते बघत बसे. पुतळ्याचा खांदा रस्त्याकडे किती वळवलाय, दिवा वरून टाकलाय की खालून, स्कर्टचा घोळ कागद कोंबून फुगवलाय की आतून तार घातलीय, सगळं वहीत उतरवून घ्यायची. डिझायनर शोचं नाव काढलं की तिच्या पायाला भिंगरी लागायची. पास मिळण्याचा प्रश्नच नव्हता, पण पडद्यामागे मॉडेलना कपडे चढवायला हात लागतात, आणि फुकटचे हात कुणाला नको असतात? फॅशन कॉलेजच्या तीन वर्षांत ती अकरा शोंच्या मागच्या बाजूला राबली होती. पुढून एकही पाहिला नव्हता, तरी कुठल्या शोत सातवा कपडा कोणता होता हे झोपेतून उठवून विचारलं असतं तर सांगितलं असतं.

तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, म्हणून आत्याने तिला टाचणी म्हणायला सुरुवात केली आणि कॉलेजातही तेच चिकटलं. आई गेल्यापासून तिला आत्यानेच वाढवलं होतं. आत्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात इस्त्रीवर होती. अंगाने रुंद, दणकट, दोन्ही काखांत चादरींचे गठ्ठे मारून जिना चढणारी बाई. ती दारातून आत आली की खोली लहान वाटायची. आपल्या अंगाची तिला ना लाज होती ना खंत. उलट बसमध्ये दोन जागा अडवून बसायची आणि शेजारच्याला म्हणायची, सरका जरा, आम्ही सहकुटुंब आहोत.

शेवटच्या वर्षाला कॉलेजने विषय दिला, काचेत कधी न दिसलेलं शरीर. सगळ्यांत चांगलं काम चौकातल्या मोठ्या दुकानाच्या कोपऱ्यातल्या काचेत आठवडाभर उभं राहणार होतं. शुक्रवारी ते बघायला खुद्द डिझायनर साहेब येणार, ज्यांच्या शोंमागे टाचणी राबत आली होती ते, आणि त्यांना पटलं तर तो कपडा त्यांच्या शोत चालणार. वर्गातल्या मुलींनी काय काय डोकी लढवली. टाचणीला मात्र लढवावंच लागलं नाही. दुकानातले पुतळे सगळे उपाशी पोटी जन्मलेले. आत्यासारखं शरीर काचेत तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

पण अशा अंगाची डमी बाजारात मिळत नाही, ती करावी लागते. जुना शर्ट अंगात घालायचा, त्यावर कागदी चिकटपट्टी आडवी-उभी घट्ट गुंडाळत जायची, चार थर झाले की पाठीच्या मधोमध कात्रीने चिरून ते कवच अंगावरून उतरवायचं, आत कापूस भरायचा आणि चीर पुन्हा चिकटवून टाकायची. माणसाचं हुबेहूब माप हाती येतं. रविवारी सकाळी आत्या दोन तास हात पसरून उभी राहिली. खाजवायला मिळत नाही म्हणून कुरकुरली, मध्येच हसली, आणि टाचणीने हसू नकोस, माप बिघडतं, असं दटावल्यावर आणखी हसली. कात्री पाठीवरून सरकली तेव्हा मात्र गप्प झाली. कवच उतरल्यावर म्हणाली, अगदी थंडी वाजली बघ एकदम. कापूस कमी पडला तर आपली उशी उसवून दिली. वीस वर्षं डोक्याखाली घेतलेली उशी होती ती, आणि तिच्यातला कापूस डमीत गच्च बसला.

काम निवडलं गेलं, हे सांगायला नकोच. बाटलीच्या काचेसारख्या हिरव्या रंगाचा, पाठीवर हुकांची रांग असलेला तो लांब झगा शिक्षिकांनी चष्मा पुसून पुन्हा एकदा बघितला होता. कपडा त्या अंगाला लपवत नव्हता, मिरवत होता.

दुकानाच्या सजावटीचं सगळं एका बाईंच्या हाती होतं. चाळीस वर्षं त्या काचेच्या आतल्या बाजूला काम करत होत्या, म्हणून साऱ्या दुकानात त्यांना काचबाई म्हणत. बोलायच्या कमी. नजर अशी की समोरचा आपोआप ताठ उभा राहायचा. सोमवारी काचेला आतून खाकी कागद लावून दोघींनी डमी उभी केली, झगा चढवला, टाचणीच्या नावाचं कार्ड कमरेपाशी टाचलं, आणि टाचणीच्या तोंडचं पाणी पळालं. पाठीचे हुक लागेनात. दोन बोटं कमी पडत होती.

चूक तिचीच होती. अस्तर घातलं की कपडा आतून माप खातो, हे पहिल्या वर्षाच्या मुलांनाही माहीत असतं. बरं, उसवून सैल करावा तर शिवणीच्या आत तिने माया, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवलंच नव्हतं. आतली बाजू सुबक दिसावी म्हणून हौसेने सगळं छाटून टाकलं होतं. ती रडकुंडीला आली. काचबाई शांतपणे डमीच्या मागे गेल्या, चिकटपट्टी नखाने सोडवली, चिरेतून कोपरापर्यंत हात आत घातला आणि दोन मुठी कापूस काढून टाचणीच्या हातात ठेवला. हुक लागले.

काचबाईंनी तिला समजावलं की काचेत कपडा माणसाला बसवत नाहीत, माणूस कपड्याला बसवतात. टाचणीने ते वाक्य वहीत लिहून घेतलं. कापूस टाकवेना म्हणून पिशवीत ठेवला.

त्या संध्याकाळी आत्या कामावरून आली ती स्कर्ट मुठीत धरूनच. दिवसभर कमरेवरून घसरतोय म्हणाली, इलास्टिक गेलं असेल. आणि कमरेपाशी काहीतरी काट्यासारखं टोचतंय, बघ जरा. टाचणीने बघितलं. एक लाल ठिपका होता, बाकी काही नव्हतं. तिने त्यावर मलम लावलं आणि जेवताना तासभर काचेच्या गोष्टी सांगितल्या.

मंगळवारी कागद उतरला. काचेच्या सजावटीत एक माणूस आत असतो आणि एक बाहेर रस्त्यावर. आवाज पलीकडे जात नाही, म्हणून सगळं बोटांवर चालतं. बाहेरच्याने तळवा दाखवला की पुरे. एक बोट म्हणजे एक बोट आत घ्या, दोन म्हणजे दोन. काचबाई म्हणाल्या, तुझं काम आहे, तूच बाहेर उभी राहा. टाचणी फुटपाथवर गेली आणि तिला पहिल्यांदा आपलं काम समोरून दिसलं. छाती भरून आली तिची. तरी काहीतरी खुपत होतं. काच माणसाला जाड करते. घरात डौलदार वाटलेली कंबर इथे नुसतीच रुंद वाटत होती. तिने डोळे बारीक केले, मान वाकडी केली, आणि दोन बोटं वर केली. आत काचबाईंचा हात झग्यामागे गेला.

बुधवारी पुन्हा दोन. आता झगाच ढिला पडला, तो मागून टाचण्यांनी आवळला. त्या दिवशी काचेसमोर लोक थांबू लागले, दुपारी तर फुटपाथवर चालायला जागा उरली नाही. एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, बघ, अशी असावी बाई, भरलेली पण रेखीव. टाचणी तिच्या मागेच उभी होती. तिला वाटलं, आपण आत्ता इथेच नाचावं.

घरी आत्या पलंगावर बसून होती. एरवी ती संध्याकाळी कधी पलंगावर बसत नसे. धुलाईघरातल्या बायका म्हणे तिचं कौतुक करत होत्या, काय खातेस, काय करतेस म्हणून विचारत होत्या. आत्याने ते हसत हसत सांगितलं, पण हसू पुरेना, मध्येच संपलं. इस्त्री उचलताना हात भरून येतो म्हणाली. टाचणीने तिची पाठ चोळायला घेतली, दोन थापा मारल्या आणि हात आखडून घेतला. रिकाम्या खोक्यावर थाप मारावी तसा आवाज आला होता.

"काय गं?" आत्याने विचारलं.

"काही नाही. हात उंच कर, माप घेते."

तिने टेप लावली. छाती, कंबर, नितंब. मग वही उघडून डमीचं त्या दिवशी दुपारी टिपलेलं माप बघितलं. तिन्ही आकडे तेच. तिने टेप पुन्हा लावली, या वेळी श्वास सोडायला सांगून, आणि आकडे बदलले नाहीत. आत्याचं शरीर श्वासाने हलतच नव्हतं. लाल ठिपका कार्ड टाचलं होतं बरोब्बर त्या जागी होता.

टाचणी मूर्ख नव्हती. तिला त्याच क्षणी सगळं कळलं, आणि कळलं नसल्यासारखं करणं किती सोपं असतं तेही कळलं. पिशवीत कापूस होता, सहा बोटांचा, उशीचा, एक धागा इकडचा तिकडे झाला नव्हता. दुकान उघडंच होतं. पण कापूस परत भरायचा म्हणजे झगा पाठीवर फाटणार, आणि शुक्रवार परवावर आला होता. तिने स्वतःची समजूत घातली. दोन दिवसांत काय होतंय? शुक्रवारी अकरा वाजता साहेब बघतील, सव्वाअकराला आपण कापूस भरू, आत्या संध्याकाळी पुन्हा दोन जागा अडवून बसेल. गुरुवारी तिने एवढंच केलं, कार्डाची टाचणी काढली आणि कार्ड काचेला चिकटवलं. तेवढ्याने आपण बरंच केलं असं तिला वाटलं. माणूस स्वतःला किती स्वस्तात सोडतो.

गुरुवारी आत्या कामावर गेली नाही. नोकरीच्या सव्वीस वर्षांत तिने ताप अंगावर काढला होता, पण हजेरी चुकवली नव्हती. संध्याकाळी टाचणी आली तेव्हा ती खिडकीपाशी खुर्चीवर होती. तिने विचारलं, काचेत काय झालं आज, आणि तो आवाज पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. ओठ हलून गेल्यावर आला. टाचणीने मान खाली घालून सगळं सांगितलं, किती गर्दी, कोण काय म्हणालं. आत्या ऐकत राहिली. मग म्हणाली, बरं झालं गं, माझ्या अंगाचं कुणाला तरी कौतुक झालं. टाचणी उठून मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

शुक्रवारी सकाळी टाचणीने आत्याला उठवलं नाही. म्हणजे उठवायला गेली होती, पांघरुणावर हात ठेवला तर पांघरूण खाली दबलं, फार खाली, आणि मग कुठेतरी आत्या लागली. डोळे उघडे होते. जा तू, उशीर होईल, असं ती म्हणाली, आणि टाचणी गेली. हे लिहायला मलाही बरं वाटत नाही, पण ती गेली.

डिझायनर साहेब अकराला दहा कमी असताना आले. अकरा शोंमध्ये टाचणीने त्यांची फक्त पाठ पाहिली होती. आता ते तिच्या शेजारी फुटपाथवर उभे होते, हात मागे बांधून, आणि तिच्या कपड्याकडे बघत होते. मागे शिक्षिका, दुकानाचे मालक, रस्त्यावरची माणसं. काचेच्या आत काचबाई डमीच्या बाजूला उभ्या. साहेबांनी हिरव्या रंगाबद्दल विचारलं, पाठीच्या हुकांबद्दल विचारलं. मग म्हणाले की शोची सुरुवात यानेच करू. टाचणीच्या कानांत नुसतं वाजत राहिलं. साहेबांनी डोळे बारीक केले, मान वाकडी केली.

"कंबर," ते म्हणाले. "थोडीशीच."

आणि त्यांनी काचेकडे दोन बोटं वर केली.

काचबाई मागे वळल्या. टाचणीने बघितलं, वरचे हुक सुटले, पट्टी सुटली, हात कोपरापर्यंत आत गेला, आणि काही सापडत नसल्यासारखा आणखी आत गेला, दंडापर्यंत. तिने तळवा काचेला लावला. दोन्ही तळवे लावले. काचबाईंचं लक्ष आत होतं. मग टाचणी धावली, दुकानाच्या दारातून, हातमोज्यांच्या मांडणीला धडकून, काचेच्या मागच्या बुटक्या दारातून वाकून आत, आणि तिने काचबाईंचं मनगट धरलं. त्या मुठीत कापूस होता. शेवटचाच असावा.

काचबाई रागावल्या नाहीत. तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि त्यांची मूठ हळूहळू सैल झाली.

"कुणाची आहे ही?" त्यांनी विचारलं.

"आत्याची."

"जिवंत आहे?"

टाचणीने मान डोलावली.

"जिवंत माणसाची काचेत आणायची नसते," काचबाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हाला शिकवलं असेल." आणि त्यांनी तो कापूस परत होता तिथे ठेवला, हलक्या हाताने.

टाचणीने पिशवी उपडी केली. बाहेर साहेब, शिक्षिका, निम्मा चौक बघत होता आणि ती मुठीमुठीने कापूस भरत होती, कोपऱ्याकोपऱ्यात दाबून. चौथ्या मुठीला टाचण्या उडाल्या. सहाव्याला झग्याची शिवण काखेपासून कमरेपर्यंत उसवली, आणि आत माया नव्हती म्हणून कापडच फाटत गेलं. तिने फाटू दिलं. मान वर केली तेव्हा साहेबांची पुन्हा पाठच दिसत होती, गाडीकडे जाणारी.

खाली पडलेल्या खाकी कागदात डमी गुंडाळून ती घरी निघाली. बसमध्ये डमीला शेजारी बसवलं. लोक बघत होते, बघोत.

आत्या पलंगाच्या कडेवर बसली होती. रंग परत आला होता, खांदे भरले होते, पांघरूण पायांशी पडलं होतं. टाचणीने डमी खाली ठेवली आणि जमिनीवर बसून सगळं सांगितलं. सोमवारपासून सगळं, बुधवारची टेप आणि गुरुवारची समजूतसुद्धा. काही गाळलं नाही. आत्याने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, आणि टाचणीला वाटलं की शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग आत्या उठली, डमीभोवती एक फेरी मारली आणि पाठीमागे थांबली. चीर उघडीच होती. पाच दिवस उघडून-लावून पट्टी मेली होती, कडा भुसभुशीत झाल्या होत्या, आणि आतला कापूस बाहेर डोकावत होता. आत्याने खांदे आक्रसले.

"तरीच," ती म्हणाली. "पाठीत वारं शिरतंय मघापासून."

टाचणी नवी चिकटपट्टी शोधायला उठली.

"पट्टी किती दिवस टिकते?"

"वर्षभर. चांगली असली तर दीड."

आत्याने थोडा विचार केला. तिला हिशेब करायला कधी वेळ लागत नसे.

"मग शीव," ती म्हणाली.

टाचणी मागे सरली. कार्डाच्या एका टाचणीने चार दिवस काय केलं होतं ते तिने पाहिलं होतं. ती नाही म्हणाली, हात जोडून नाही म्हणाली, रडली. आत्या खुर्ची ओढून डमीकडे पाठ करून बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि वाट बघत राहिली. ही बाई एकदा बसली की बसली, हे टाचणीला लहानपणापासून माहीत होतं.

तिने सर्वांत बारीक सुई घेतली. दोरा दुहेरी केला, मेण लावलं. वरच्या टोकाला, मानेच्या खाली, पहिला टाका घातला. आत्याच्या गुडघ्यांवरची बोटं मिटली. टाचणी थांबली.

"थांबू नकोस. थांबलीस की जास्त लागतं."

ती शिवत गेली. कॉलेजात तिच्या हातशिलाईला कधी नाव ठेवलं गेलं नव्हतं, पण असं ती कधी शिवली नव्हती. कड दुमडायची, थोडी आत घ्यायची, टाका इतका जवळ की दोन टाक्यांमध्ये काही मावू नये, आणि घाई नाही. मध्ये आत्या म्हणाली, बोल काहीतरी, तोंडात टाचण्या नाहीत ना आज. मग टाचणीने तिला एका शोची गोष्ट सांगितली, मॉडेलचा एक बूट सापडत नव्हता आणि ती तशीच अनवाणी चालून आली, आणि लोकांना वाटलं तीच फॅशन. आत्या हसली. पाठ हलली, डमीचीही हलली, आणि सुई वाकडी गेली. आत्याच्या मानेवर घाम आला होता, तो टाचणीने आपल्या बाहीने टिपला आणि पुढचा टाका घातला.

कमरेपर्यंत आली तेव्हा उजेड कमी झाला होता. शेवटचे चार टाके तिने बोटांनी चाचपून घातले. गाठ मारली, एकावर एक अशी तिहेरी. खोलीत आत्याच्या श्वासाचा आवाज येत होता, खोल, भरलेला. टाचणी सुई हातात धरून तशीच बसून राहिली. दोरा ओढायचं, कात्री लावायचं, काहीच करण्याचं तिला धाडस होईना.

"झालं?" आत्याने वळून न बघता विचारलं.

"झालं."

"मग सुई काढ त्यातून. मला आडवं पडायचंय."